ट्रिम

उद्यमबागेत रात्रपाळी. भरमाण्णा काकतकर
रोलवर आधी नख फिरवतो, मग बोलतो.
मायक्रॉन कन्नडात मोजतो, शिव्या मराठीत.

"फिल्म पातळ हाय. हिला साधं ब्लेड,
दाढीचं असतंय तसलं. ताणून धर, हवेतच सुटती.
कागदाला ते लावलास तर नुसती धूळ.
त्याला कात्री: दोन चकत्या,
एकमेकीला जेमतेम खेटलेल्या.
आणि चिकट टेप? दाबायची.
चिरडल्याबिगर सोडत नाही ती,
काही माणसं असत्यात की तशी."

आज कुंद्याची लेबलं. कागदी, म्हणून कात्री.
एका पट्टीवर कन्नड, शेजारी मराठी,
तोच तपकिरी डबा, तीच किंमत,
मधे तीन मिलिमीटर कोरी जागा.
"ही कुणाची, अण्णा?"
"कुणाची म्हणजे? ट्रिम."

त्यानं बटण दाबलं.
दोन्हीकडचे रोल जाड होत गेले
आणि कोरी कड
पायपातून सळसळत पोत्यात,
स्वतःतच गुंतत.

सकाळी पोतं मी उचललं.
हलकं असेल वाटलं होतं.