नाण्याचा आवाज

देवाजी वलथऱ्यांची नाव
कोहळीटोल्याच्या पाळीवर पालथी पडली आहे, भर उन्हात,
आणि ते म्हणतात, "काऊन वं सुगंधा, ओरखडाच त आहे नुसता.
रंग मारून दे. परवा जारे टाकाचे आहेत."

मी पाच रुपयांचं जुनं, जाड नाणं काढते.
गोंदियाच्या वर्कशॉपात सहा महिने राळ ढवळली,
काचेच्या चटया कापल्या, कोपरापर्यंत खाज घेऊन झोपले,
आणि शिकले ते एवढंच, की फायबरच्या बाबतीत
डोळ्यांचं ऐकू नये.

टण्. टण्. टण्.
टण्.
थप.

खडूनं खूण. चार बोटं पुढे पुन्हा थप.
ओरखडा करंगळीएवढा,
रिंगण परातीएवढं होत चाललंय.

"खुंट लागला होता ना?"
"येनाचा. पान्याखाली दिसे नाही. मोटर पुऱ्या जोरात होती."

तोच खुंट हळू टेकला असता
तर राळ जरा दबली असती, कण्हली असती,
एका धाग्याचं ओझं शेजारच्यानं घेतलं असतं,
त्याचं त्याच्या शेजारच्यानं,
पंगतीत भाताचं घमेलं हातोहात सरकतं तसं.
वेगात वाटून घ्यायला वेळच नसतो.
काच भित्री नाही. घाईच्या घावाला ती उलट
जास्त ताणून धरते. राळही क्षणभर दगड होते.
म्हणून वरून नाव शाबूत.
धक्का मग शिरतो थरांच्या मधे,
जिथे धागा नाही, नुसती चिकटण आहे.
एक थर दुसऱ्याला सोडतो
आणि आतल्या अंगाला, जिथे आपण पाय टेकवून बसतो,
तिथे फूट बाहेरच्यापेक्षा रुंद.

बाबा अंबाडी बोडीत सडवायचे, दहा-दहा दिवस.
आधीच ओढली तर तुटून हातात येते, म्हणायचे.
त्यांना हे सगळं सांगायचं राहिलं.

तिकडे बेशरमाच्या सावलीत
जनकाकाकू झिंगे निवडताहेत.
मागच्या चैत्रात सुरतेहून फोन आला होता,
त्यांच्या धाकट्याचा. म्हणजे त्याच्याबद्दलचा.
चाळीस सेकंद. काकू "बरं" म्हणाल्या,
उरलेले झिंगे निवडून संपवले, मग हात धुतले.
गाव म्हणालं, लय घट्ट बाई.
मीही म्हणाले.

"मंग का करतं?" देवाजी विचारतात.
"कापून काढाव लागते. टण् वाजतपर्यंत.
मंग उतार घासाचा, चटईवर चटई, लहानीवर मोठी."
"अन् परवा?"
"परवा नाही होत."
ते खुंटाला शिवी देतात, मग मोटरीला,
मग तलावाच्या लिलावाला.

मी तोंडाला फडकं बांधते.
काकू पाण्याचा गडवा घेऊन येतात,
खडूच्या कडेवरून ओलं बोट फिरवतात,
थोडं रिंगण पुसलं जातं.
"एवढं?"
हो म्हणते.
"दिसे त नाही."
मग नाणं मागतात.
मला वाटलं, नावेवर वाजवून बघतील.
त्यांनी ते पदराच्या गाठीत बांधलं
आणि परत सावलीत जाऊन बसल्या.

मी मागितलं नाही अजून.
तसं जाड नाणं आता मिळत नाही.
हल्लीची पातळ असतात,
त्यांना सगळंच सारखं ऐकू येतं.