पान दोनशे चाळीस

शनिवारी नाव काठावर ओढायची,
तळं गोठायच्या आत.
वेइक्को येईल. दोर त्याचा, कंबर माझी.
मग सौना, सॉसेज,
रविवारी गाडीला बर्फाचे टायर,
आणि उरेल तो वेळ कादंबरीला.

तिच्यातला मोजणीदार
चाळीस पानं झाली, त्या विधवेच्या स्वयंपाकघरातून हलत नाही.
धरणाची रेघ तिच्या चुलीवरून जाते.
त्याला ठाऊक आहे, तिला नाही.
ती चमचे पुसते. तो तिसरी कॉफी घेतो.
सांग ना मेल्या!
कायानीच्या बसमध्ये मी हे मोठ्यानं म्हणाले,
समोरच्या पोरानं कानातली बोंडं काढून बघितलं.

लेखकाला धुकं आवरत नाही,
गावातले तिघे भाऊ मला एकच वाटतात.
पण ते चमचे...
इर्मेलीनं वाचून संपवलीय.
शेवट सांगशील तर याद राख, असं बजावलंय तिला.

नाव पालथी घातली की
वेइक्को दरवर्षीसारखा हात झटकेल,
म्हणेल, "आता बर्फ वितळला की."
काठ विकला. सप्टेंबरातच कागद झाले.
मी कॉफी ओतेन.
तो साखर घेत नाही,
तरी विचारेन, किती चमचे.