घोडीखाली काय लावायचं

नोव्हेंबर. ताम्पेरेत साडेतीनलाच दिवे लागले.
रेयो बसची ड्यूटी संपवून थेट आला,
अंगावर कंपनीचा निळा कोट,
काखेत गिटार, आजारी मांजर आणावं तशी.

"पुन्हा उपटली," म्हणाला.
घोडीची डावी खुंटी
पितळी बुशासकट हलत होती,
पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखी.

इर्माने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला,
बूश दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं,
भोकात टॉर्च मारला,
आणि मला म्हणाली, "वाच."

मी वाचलं.
वर काचेसारखा ठिसूळ एक थर,
झटपट चिकटणाऱ्या नळीचा,
जूनमधला, नाचाच्या कार्यक्रमाआधी दहा मिनिटं.
त्याखाली पिवळा सुतारी गोंद,
पितळेला कधी धरलाच नव्हता,
सालपटासारखा हातात आला.
त्याखाली माचिसच्या दोन काड्या, पाचर म्हणून.
आणि पार तळाशी बूट चिकटवायचं सोल्यूशन,
अजून मऊ, अजून वास असलेलं.

"हे कधीचं?"
"लग्नाच्या वर्षीचं. घरात दुसरं काही नव्हतं."

इर्मा शिकवत नाही, कोरता कोरता पुटपुटते.
झटपट नळी भेगेला ठीक, भोकाला नाही,
आधी धरते, मग एका धक्क्यात सोडून देते.
सुतारी गोंदाला लाकडाशी बोलता येतं,
पितळेपुढे तो मुका.
दोन नळ्या कालवून होतो तो इपॉक्सी
पोकळी भरतो, दोघांनाही धरतो, पण

"तोच लाव!" रेयो मध्येच.
"कायमचं बसव. पुन्हा यायला नको."

"तू नाही येणार," इर्मा म्हणाली,
"पुढच्या वर्षी मी दुकान बंद करतेय.
पण ही कुणाकडे तरी जाईलच.
त्याला हे बूश काढता आलं पाहिजे,
तिची छाती न फोडता."

रेयोने टोपी काढली आणि परत घातली.

मग गिरमिटाने भोक स्वच्छ गोल केलं.
बर्चची गुल्ली तासली, कणभर जाड ठेवून,
आणि पाण्यातल्या भांड्यात सरस तापत ठेवला.
दुकानभर खुरांचा, जुन्या कातड्याचा वास.
रेयोने नाक दाबलं.
"याच्याहून पक्कं काही नाही का?"
आहे. खूप आहे.
पण हा ऊन पाण्याने पाघळतो,
चुकलेलं मोकळं करून देतो,
म्हणून लाकडाला लाकूड जोडायला सरसच सरस.

गुल्ली रात्रभर शिकंज्यात राहिली.
सकाळी तिच्यात नवं भोक, अंदाजे नाही, मोजून,
आणि बूश नुसतं दाबून बसवलं. कोरडं.
"आणि गोंद?" मी विचारलं.
इर्माने भोकाच्या कडेला नख टेकवलं.
तिथे एक उघडी तार डोकावत होती, केसापेक्षा थोडी जाड,
अर्थिंगची, आतून बुशाच्या अंगाला टेकायला आलेली.
चारही वेळा कुणी ना कुणी
तिचं तोंड बुजवलं होतं.

"ती भुणभुण!" दुपारी रेयो उभ्या उभ्या खुर्चीत बसला.
"मला वाटायचं ॲम्प्लिफायर म्हातारा झाला.
बायको म्हणायची, तुझे कान."

वायर जोडली. भुणभुण सुरू झाली,
फ्रिजसारखी, शेजारच्या घरातल्या भांडणासारखी.
त्याने तारांवर तळवा ठेवला.
गेली.
उचलला, आली. ठेवला,
आणि मग तो ठेवूनच बसला,
एकही सूर न वाजवता,
बाहेर त्याचीच चोवीस नंबरची बस
दुसरा कुणी चालवत गेला तरी.

बिलावर इर्माने लिहिलं:
बर्चची गुल्ली, सरस, एक रात्र.
बुशाला गोंद: काही नाही.
खाली तिने गिऱ्हाइकासाठी नाही,
पुढच्या कारागिरासाठी बाण काढला,
तार इथून येते.

संध्याकाळी बाक झाडताना
त्या दोन काड्या सापडल्या.
एकीला अजून गूल होतं,
तीस वर्षं भोकात डोकं खाली घालून.
ओढून पाहिली.
पेटली नाही, पण
वास आला.