अर्धी पट्टी

कन्नमवार नगरात आमचं औषधांचं दुकान.
गल्ल्याशेजारी सुतळीने बांधलेली कात्री आहे,
दर दिवाळीला मी तिला धार लावून आणतो.

खवणेकर काका म्हणायचे, पाच दे.
पट्टी दहाची. मी मोजून कापायचो.
मुदतीची तारीख छापलेली असते एका टोकाला,
ती बाजू दुकानात ठेवायची, हा शेठचा नियम.
म्हणजे काकांच्या घरी कायम बिनतारखेची अर्धी.
"आमच्यावर तरी कुठे छापलीय," म्हणत
ते नाणी तळहातावर उलटीसुलटी करायचे.

हायवेपलीकडे स्वस्त औषधांचं दुकान निघालंय,
पण मध्ये पुलाचे बासष्ट जिने.
विम्याचं विचारलं एकदा.
म्हणाले, होता की,
मग हप्ता पेन्शनीपेक्षा उंच झाला,
मान वर करून बघवेना.

गोळी प्रेशरची. नवरा-बायको दोघांना तीच, रोज एक.
पाच गोळ्या नेत आणि पाच दिवसांनी येत.
रिकाम्या दुपारी माझ्या डोक्यात हिशेब आला
आणि मी तोंड उघडलं.
"सम तारखेला ती, विषमला मी," काका म्हणाले,
"महिना एकतीसचा असला की
एकतीसला मी, एकलाही मीच.
लागोपाठ दोन दिवस! चैन."

श्रावणात गेले.
पालिकेच्या इस्पितळात जमिनीवर गादी मिळाली होती,
खाजगीवाल्याने आधी साठ हजार मागितले होते.
हे मला वॉचमनकडून कळलं.

मग काकू येऊ लागल्या.
पाच दे.
आणि दहा दिवसांनी पुन्हा, पाच.
मी म्हटलं, काकू, आता रोज घेतलीत तरी
खर्च तेवढाच, आधीइतकाच.
त्या काचेखालच्या खोकल्याच्या गोळ्या बघत राहिल्या.
"विषम तारखा त्यांच्या आहेत रे."

माझ्या हातात कात्री उघडीच होती.
पट्टी फिरवली,
तारखेकडची बाजू त्यांना दिली.
शेठ विचारेल तेव्हा विचारेल.

त्यांनी ती ट्यूबलाइटकडे धरली. हे काय लिहिलंय?
मुदत.
कधीपर्यंत?
पुढच्या वर्षीचा जून.
"पुष्कळ आहे," म्हणाल्या
आणि रुमालाची गाठ सोडून
सुटे मोजू लागल्या.