घेराखाली

गुरुवारी चावी माझ्याकडे असते,
खाणकामगारांच्या जुन्या कँटीनची.
तिथं आता कुणी जेवत नाही,
पण भिंतींना अजून कोबीच्या सूपाचा वास आहे,
दमट हवेत जरा जास्तच.

लामारा साडेपाचला येते.
गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या, हातात औषधांच्या दुकानाची पिशवी,
पिशवीत तिचा पांढरा पायघोळ झगा,
ज्यानं म्हणे बावीस देश पाहिले,
क्विरीला नदीकाठचं आमचं गाव तेवढं राहिलं.

पहिल्या गुरुवारी पाचच जण आलो,
त्यातले दोघे हीटर आहे ऐकून.
बेकरीतली पिकरिया, पिठाच्या हातांनीच.
बोंदो, सदतीस वर्षं मँगनीजच्या बोगद्यात काढलेला.
बंद पडलेल्या रोपवेची तिकिटं फाडायची ती बाई.
आणि अकॉर्डियनवाला गोचा, उशिरा, नेहमीसारखा.

आम्हाला वाटलं, नाच दाखवील,
टीव्हीवर नववर्षाच्या रात्री दाखवायचे तसा:
बाई चालत नाही, वाहते,
पाण्यावर दिवा सोडावा तशी.
मान हलत नाही, वेण्या हलत नाहीत,
खाली काय चाललंय ते घेरालाच ठाऊक.
मूठ झाकली तर सव्वा लाखाची,
ह्या नाचात पावलं.

तिनं दोन्ही हातांनी घेर उचलला.
गुडघ्यापर्यंत.
लाजायचं की बघायचं, कुणाला कळेना.
गोचाचा सूर मध्येच बसला.

अंगठ्यांची हाडं बाहेर आलेली,
एक नख नाहीच,
आणि घाई, काय ती घाई!
टाचा उचललेल्या, पाऊल पावलाला चिकटून,
शिवणयंत्राची सुई जशी
बोटभर कापडात चाळीसदा खाली-वर.
वर चेहरा तोच, नववर्षाच्या रात्रीचा.

"मी एवढंच करते," ती धापा टाकत म्हणाली,
"बाकीचं कापड करतं."

मग म्हणाली, आता तुमचं.
आमचं काय?
कामावर कसे चालता, ते.

पिकरियानं भट्टीपासून दारापर्यंतची चाल दाखवली.
डोक्यावर पावांची फळी नव्हती,
तरी मान आपोआप ताठ.
रोपवेवाली जागेवरच उभी राहिली,
तिचं कामच उभं राहायचं होतं,
आणि लामारानं तेही दोन मिनिटं नीट पाहिलं.

बोंदो उठला नाही.
तिसऱ्या गुरुवारी उठला.
दिवा नसलेली टोपी सारखी केली,
गुडघे किंचित वाकवले आणि निघाला
ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
डोकं पट्टीनं आखल्यासारखं एका रेषेत,
पाय न उचलता, नसलेला रूळ चाचपत,
पाऊल, अर्धं पाऊल, पाऊल.
कँटीनचं छत चौदा फूट उंच,
तो चालत होता तिथं ते कानाला टेकलेलं.

लामारा त्याच्या मागं गेली.
झगा नाही, मोजणी नाही, नुसती मागं.
"मान अशी कुणी शिकवली?"
"छतानं," बोंदो म्हणाला.

आता तीसएक येतात.
पोरं हसायला येतात, त्यातली दोन थांबतात.
लामारा शिकवत नाही कुणाला.
आपला सराव करते, चुकते, "पुन्हा" म्हणते स्वतःलाच,
आणि कुठं चुकलं ते बोंदोला विचारते.
तो सांगतो. एकदा भांडणही झालं,
डाव्या खांद्यावरून.

सगळे गेले की मी झाडू काढतो.
काळी धूळ ह्या गावात दाराखालून येतेच,
फरशीवर तिचा पातळ थर.
त्यात बुटांचे ठसे, बेकरीचं पीठ,
आणि मधोमध दोन लांब पट्टे, कुठंही न तुटलेले.
कुठला कोणाचा, ओळखू येत नाही.

शुक्रवारी इथं पेन्शन वाटतात.
मी झाडतो.
हीटर बंद, दिवा बंद,
चावी दोनदा फिरवावी लागते, कुलूप जुनं आहे.
घराच्या चढावर
आधी मागं वळून कुणी नाही ना बघतो,
मग मान जरा स्थिर ठेवून पाहतो.