आवाजाची जात

म्हापशाच्या बाजाराकडे पाठ करून बसलेलं एक घर आहे,
तिथे एर्मेलिंदाबाय कुत्र्यांची पिल्लं विकते.
विकते म्हणजे, आधी तुमची झडती घेते.
घरात किती माणसं? दुपारी कोण असतं?
जमीन कसली, शेणाची की लादीची?
पिल्लाला जमीन गार लागते बाय, माणूस उबदार.

मी सांगितलं: आम्ही दोघं, दिवाडीला.
मी दहा ते पाच पंचायतीत घरपट्टीच्या पावत्या फाडते.
हे घरी.
एकतीस वर्षं खनिजाच्या बार्जवर, इंजिनाशेजारी.
खाणी थांबल्या, बार्ज गाळात रुतली,
तोवर कान इंजिनानं ठेवून घेतले होते.
गॅसवाला फाटकाशी हाका मारून परत जातो,
संध्याकाळी मी त्याची चिठ्ठी वाचते.

तिनं दोन टोपल्या पुढे सरकवल्या.

एकीत पोमेरियन. ओंजळीत मावेल एवढी,
फेस्ताच्या खाज्यासारखी तांबूस,
अठरा हजार, वर कागदपत्रं.
दुसरीत स्पिट्झ. पांढरा, जरा हाडापेराचा,
नाकाच्या जागी ओलं आमसूल,
सहा हजार, कागद नाही.
"आवय मागल्या दारी आसा, पळोवन घे."

दिवाडीत दोघांनाही पोमच म्हणतील.
आमच्याकडे अंगभर केस असलेलं सगळंच पोम.
माझ्या माहेरी, सावईवेऱ्याला, होता एक. कापूर.
पोम म्हणून वाढला, पोम म्हणूनच माडाखाली पुरला,
आणि आज एर्मेलिंदाबाय वर्णन ऐकून सांगते,
तो स्पिट्झ गो.
मेल्यावर त्याची जात बदलली,
आणि मला उगाच
त्याची माफी मागावीशी वाटली.

मस्कतहून मुलाचा फोन: पोम घे, पैसे मी टाकतो,
फोटोत बरी दिसते.
म्हटलं, दिवाडीचा दमटपणा फोटोत येत नाही रे.
कोणाला रोज विंचरायचं, कोणाचे दात लवकर किडतात,
कोण सोप्यावरून उडी मारून पाय मोडून घेईल,
कोण भुंकून भुंकून शेजारच्या कायतानची झोप खाईल,
हे सगळं मी एका रद्द पावतीच्या पाठीवर लिहीत होते,
दोन रकाने, मध्ये रेघ.
बेरीज दोन्हीकडे तीच.

तेवढ्यात हे खाली बसले, एक गुडघा टेकून.
पोमच्या गळ्याला दोन बोटं लावली. ती भुंकली.
मग स्पिट्झच्या बरगडीवर तळवा. तोही भुंकला.
मला ते हात माहीत आहेत.
अंधारात पाइपावर ठेवून
कुठला सिलिंडर चुकतोय ते सांगणारे.
पुन्हा पोम. पुन्हा स्पिट्झ. डोळे मिटलेले.
एर्मेलिंदाबाय पहिल्यांदाच गप्प.

"ही शिट्टी," हे म्हणाले, हवं त्याहून मोठ्यानं,
"वरच्यावर विरते. ह्याचं तळातून येतं.
हा चालतो."

रायबंदरच्या फेरीत तो खोक्यातून
बोटीच्या इंजिनावर भुंकत राहिला.
कोणीतरी विचारलंच, "पोम हाडलो गे?"
मी "व्हय" म्हटलं. नदी काही एवढी रुंद नाही
की त्यात सगळं समजावून सांगता येईल.
यांचा तळवा खोक्याच्या आत होता.
बोटीचं इंजिन पायांतून येत असणार,
हा हातातून.
"भांडताहेत दोघं," हे म्हणाले,
खाण थांबल्यापासून असे हसले नव्हते.
मी विचारलं, कोण जिंकतंय?
अर्थात ऐकू गेलं नाही.
काठ येईपर्यंत मी पुन्हा विचारलं नाही.
खोकं तेवढं माझ्या बाजूनं
ओलं व्हायला लागलं होतं.