तपासले

मे महिना. रात्रीचे पावणेबारा. मुलुंड पूर्व, चौथा मजला.
पंखा थांबला.
वीज होती. शेजारी गोठोसकरांकडे टीव्ही चालू होता,
फ्रिज आपल्या कोपऱ्यात घोरत होता,
फक्त पंख्याचं म्हणणं होतं की माझं सेशन संपलंय.

लॉगिन करायला गेले.
अ‍ॅप म्हणालं, आधी अपडेट.
अपडेट म्हणालं, जागा नाही, काहीतरी पुसा.
आईचे दोन व्हिडिओ पुसले,
त्यातला एक पापड लाटतानाचा होता.
मग विचारणा झाली: तुमचे कॉन्टॅक्ट बघू?
पंख्याला कशाला हवेत माझे कॉन्टॅक्ट?
मुंजीला बोलावणार आहे का सगळ्यांना?

शेवटी प्रश्न आला, आपण माणूस आहात का?
असाल तर झेब्रा क्रॉसिंगचे चौकोन निवडा.
घामाने बोट काचेवरून घसरत होतं.
तीनदा चुकले.
आमच्या नाक्यावरचे पट्टे पुसले गेल्याला सात वर्षं झाली,
आम्ही नुसता हात दाखवतो
आणि तेवढ्यावर बस थांबते.

‘सखी’ नावाच्या कुणीतरी लिहिलं,
तुमची गैरसोय मी समजू शकते.
मी लिहिलं, पंखा.
तिने लिहिलं, पंख्यांवर सध्या तीस टक्के सूट आहे.

सकाळी पाती घरी ठेवून
नुसतं डोकं पिशवीत घातलं आणि लॅमिंग्टन रोड गाठला.
झुबेरभाईंनी ते उलटंपालटं केलं,
कडेकडेने बोट फिरवत गेले,
पडलेल्या पोराच्या डोक्यावर टेंगूळ शोधावं तसं.
“स्क्रूच नाही, ताई. चिकटवलंय.
उघडायचं म्हणजे फोडायचं.”
त्यांच्या मागे भिंतभर पाने टांगलेले, आकारवार,
त्यातल्या एकालाही काम नाही.
“जुना आहे का घरी एखादा?”

होता. माळ्यावर, चादरीत गुंडाळलेला टेबल फॅन.
अण्णा एकवीस वर्षं विक्रोळीत
पंख्याच्या कारखान्यात तपासनीस.
घरीसुद्धा चपाती उजेडासमोर धरून बघायचे,
आम्ही चिडायचो.

दुसऱ्या फेरीला झुबेरभाईंनी चार स्क्रू काढले. चारच.
मागचं झाकण उतरलं,
आणि आत, गिऱ्हाइकाची नजर जन्मात पोचणार नाही अशा जागी,
पत्र्यावर शिसपेन्सिलीने:
तपासले. ना. ग. खा.
खाली तारीख. तारखेखाली पुन्हा एकदा, तपासले.

बुश बदलायचे ऐंशी रुपये.
“कुणाची सही?”
सांगितलं.
झाकण लावण्याआधी त्यांनी
त्या ओळीवर हलकी फुंकर मारली.

आता खरं सांगते.
मी मालाडला, काचेच्या इमारतीत, बटणं काढते.
गेल्या दिवाळीत ‘रद्द करा’ हे बटण
करड्यावर करडं मीच केलं.
त्याच्याआधी तीन पानं घातली,
तिसऱ्या पानावर रडका चेहरा.
आकडे वाढले. मीटिंगमध्ये केक आला,
सुरी माझ्याच हातात दिली.
भुसावळच्या एका बाईंनी लिहिलं होतं,
वडील गेले, त्यांचं खातं बंद होत नाहीये,
दर महिन्याला पैसे कापले जातात.
मी वाचलं, आणि दुसरा टॅब उघडला.

पंखा चालतोय.
मान डावीकडे गेली की टक्‌ करतो.
झुबेरभाई म्हणाले, ते राहील.
त्या टक्‌वर मी जागी, लॅपटॉप मांडीवर,
समोर ते बटण.
बदल म्हणून कुणी सांगितलेलं नाही.
सोमवारी कुणीतरी विचारेलच, कुणी केलं हे?

रंग जरा गडद करते. अजून जरा.
मोबाइल थरथरतो:
आमच्या पंख्याचा अनुभव कसा वाटला? तारे द्या.
तो पालथा घालते.

फाइल वरपासून खालपर्यंत बघून झाली,
पेन्सिल टेकवायला
आत कुठे पत्राच नाही.